टँगची भांडणे मिटून पुन्हा का पेटतात: समुद्री टाकीतील एका नेहमीच्या तक्रारीची उकल

समुद्री मासे पाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. टाकीत वर्षभरापासून एक येलो टँग, म्हणजे प्रवाळखडकांवर शेवाळे चरणाऱ्या चपट्या माशांपैकी एक, सुखाने नांदत असतो. त्याच्या जोडीला दुसरा टँग, बहुधा पावडर ब्लू, पर्पल किंवा कोले, आणून सोडला जातो आणि पहिल्या तासातच पाठलाग सुरू होतो. घाबरून नव्या माशाला बाहेर काढले जाते, त्याचे फाटलेले पर भरून आले की पुन्हा आत सोडले जाते, आणि पुन्हा तेच घडते. काही घरांत हीच तक्रार दुसऱ्या रूपात येते: दोन टँग कित्येक महिने एकमेकांशेजारी चरत असतात आणि एका सकाळी, कोणतेही कारण दिसत नसताना, त्यांतला एक दुसऱ्याच्या जिवावर उठतो. दोन्ही प्रसंगी मिळणारे उत्तर ठरलेले असते: टँग तापटच असतात, थोडे दिवस थांबा. स्वभावावर बोट ठेवले की पुढचा शोधच थांबतो. टँगचे भांडण जवळजवळ नेहमी एखाद्या ठरावीक गोष्टीवरून असते, चरण्याच्या जागेवरून, रात्रीच्या आसऱ्यावरून किंवा दोन्हींवरून. ती गोष्ट ओळखून टाकीत बदल केल्याशिवाय मासा कितीही वेळा आत-बाहेर केला तरी भांडण परत येते.

आधी भांडणाची प्रत ओळखा

प्रत्येक झटापट थांबवण्याच्या लायकीची नसते. टँग ज्या अकॅन्थुरिडी कुळात मोडतात त्या कुळातील माशांच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटे असतात. झेब्रासोमा, अकॅन्थुरस आणि टेनोकीटस या प्रजातींत, तसेच ब्लू टँगमध्ये, प्रत्येक बाजूला एकच काटा असून तो खिशातल्या चाकूच्या पात्यासारखा खाचेत मिटलेला असतो आणि शेपूट वाकवली की बाहेर येतो. नासो टँगमध्ये मात्र हे काटे मिटत नाहीत, ते पक्के बसलेले असतात. हत्यार इतके जवळ असल्यामुळे टँग सहसा थेट वार करण्याआधी आपले बळ दाखवून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करतात. दोन मासे अंगाला अंग लावल्यागत समांतर उभे राहतात, बहुतेक वेळा एकाचे तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे असते, पाठीवरचा आणि पोटाखालचा पर ताठ उभारलेला असतो, आणि दोघे त्याच स्थितीत हळूहळू गोल फिरतात. येलो टँगसारखा एरवी चपटा आणि आटोपशीर दिसणारा मासा या वेळी बराच मोठा भासतो. एवढ्यावर भागले, एकाने पर मिटून काढता पाय घेतला आणि दुसऱ्याने दोन-तीन फुटांवर पाठलाग सोडून दिला, तर तुम्ही हस्तक्षेप करू नये. ही वाटाघाट आहे, आणि ती पुरी होऊ दिली तरच पुढची शांतता टिकाऊ ठरते.

काळजीची लक्षणे निराळी आहेत. पाठलाग टाकीच्या एका भागापुरता न राहता या टोकापासून त्या टोकापर्यंत होतो. हरलेला मासा पर मिटून शरण आला तरी त्याला सोडले जात नाही. आक्रमक मासा समोरून येण्याऐवजी बाजूने सरकत येऊन शेपटीचा आडवा फटका मारतो. मार खाणारा मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, ओव्हरफ्लोच्या (टाकीतले वरचे पाणी बाहेर नेणाऱ्या) पेटीमागे किंवा हीटरच्या आड उभा राहतो आणि अन्न टाकले तरी बाहेर येत नाही. रंगावरही लक्ष ठेवा. येलो टँग रात्री झोपताना फिका, तपकिरी छटेचा होतो आणि त्याच्या अंगाच्या मध्यावर एक पांढुरका आडवा पट्टा उमटतो; हाच रात्रीचा रंग भर दिव्याच्या उजेडात दिसत असेल तर तो मासा तणावाखाली आहे असे समजावे. अंगावर एकमेकांना समांतर, बारीक, फिकट ओरखडे असतील तर ते शेपटीच्या काट्याचे आहेत. मिठाच्या कणांसारखे उठून दिसणारे सुटे ठिपके मात्र बहुधा व्हाइट स्पॉट या रोगाचे असतात. त्याविषयी पुढे येईलच.

ब्लू टँगच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवावा. हा मासा घाबरला की खडकाच्या फटीत आडवा होऊन स्वतःला अडकवून घेतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. नव्याने ब्लू टँग पाळणारे हे पाहून हादरतात आणि त्याला काढण्यासाठी खडक उपसतात, त्यामुळे भीती आणखी वाढते. त्याच्या अंगावर जखमा नसतील आणि अन्न टाकल्यावर तो बाहेर येत असेल, तर त्याला तसेच पडू द्यावे.

निरीक्षणासाठी काचेला नाक लावून बसण्यात फारसा अर्थ नसतो, कारण माणूस जवळ आला की मासे अन्नाच्या अपेक्षेने पुढे येतात आणि तेवढ्यापुरता तह होतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसावे, किंवा फोनचा कॅमेरा टाकीसमोर लावून निघून जावे. तीन वेळा विशेष बोलक्या असतात: सकाळी दिवे लागल्यानंतरची काही मिनिटे, अन्न पडतानाची वेळ, आणि दिवे मालवण्यापूर्वीची वेळ. भांडण यांपैकी नेमके केव्हा जोर धरते, त्यावरून ते कशासाठी आहे हे बहुतांशी कळते.

अन्न पडतानाचे किंवा दिवसभर चालणारे भांडण

टँग हे चरणारे मासे आहेत. प्रवाळखडकांवर त्यांचा दिवस शेवाळ्याचे बारीक घास घेत जातो, आणि काही जाती आपल्या शेवाळ्याच्या पट्ट्यावर अक्षरशः पहारा ठेवतात. क्लाउन टँग, म्हणजे अकॅन्थुरस लिनिएटस, आणि तांबड्या समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत आढळणारा सोहल टँग ही त्याची ठळक उदाहरणे. कॉन्व्हिक्ट टँग मात्र थव्याने हिंडतात आणि एवढ्या संख्येने अशा राखलेल्या पट्ट्यावर उतरतात की राखणदार कोणाकोणाला हाकलणार? तो एकाला पिटाळतो तोवर बाकीचे चरून घेतात. आपल्या टाकीत जे चालते ते याच व्यवहाराचे लहान रूप आहे. फरक एवढाच की इथे हाकललेल्या माशाला जायला दुसरा खडक नसतो.

आपल्याकडच्या टाक्यांत ही अडचण अधिक टोकाला जाते, आणि त्याला एक कारण आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने भारतातील अनेक घरगुती समुद्री टाक्या केवळ माशांच्या असतात आणि त्यांतला खडक कोरडा किंवा सिरॅमिकचा असतो. असा खडक पहिले कित्येक महिने चरण्याजोगे शेवाळे धरत नाही. जे धरतो ते आपण स्वच्छतेच्या हौसेपायी घासून काढतो. टँगला दिवसभर चरायचे असते आणि चरायला असते ती मालकाने दिवसातून एकदा काचेला लावलेली नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळ्याच्या पातळ पानाची, एक पट्टी. एकच क्लिप, एकच जागा, एकच वेळ. जुना मासा त्या क्लिपभोवती ठाण मांडतो आणि दुसऱ्याला फिरकू देत नाही.

उपाय साधा असून तो सर्वांत आधी करावा, कारण काही टाक्यांत एवढ्यानेच प्रश्न सुटतो. नोरीच्या किमान तीन क्लिपा लावाव्यात, त्याही अशा की एका क्लिपजवळ उभ्या माशाला दुसरी दिसणार नाही. टाकीची दोन टोके आणि मधल्या खडकाची मागची बाजू या सोयीच्या जागा आहेत. सुशीसाठी मिळणारी साधी नोरी चालते, पण तिला मीठ, तेल वा मसाला लावलेला नसावा. सकाळी लावलेली पट्टी तासाभरात संपत असेल तर ती कमी पडते आहे असे धरावे आणि दुपारी पुन्हा लावावी. पालकाची किंवा कोबीची पाने उकळत्या पाण्यातून काढून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. नोरी संपली असताना एखादा दिवस ती चालून जाते, परंतु समुद्री शेवाळ्याची जागा ती घेऊ शकत नाही. पेलेट्स (अन्नाच्या गोळ्या) किंवा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकताना ते वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपाच्या, झोतासमोर सोडले तर अन्न सगळीकडे पसरते आणि कोणालाच त्याची मक्तेदारी करता येत नाही.

याच हिशोबाने जोडीदार कोणता निवडावा हेही ठरते. कोले आणि टोमिनी टँग टेनोकीटस प्रजातीतले आहेत. त्यांचे दात कंगव्यासारखे बारीक असतात आणि ते खडकावरचा पातळ थर व गाळ खरवडून खातात, तर येलो टँगसारखे झेब्रासोमा तंतुमय शेवाळे खुडतात. ताट वेगळे असल्यामुळे यांच्यात वितुष्ट सहसा कमी राहते. उलट एकाच प्रजातीचे आणि एकाच बांध्याचे दोन मासे एकत्र आणणे म्हणजे स्पर्धेला आमंत्रण देणे होय. येलोसमोर पर्पल, पर्पलसमोर स्कोपास, पावडर ब्लूसमोर दुसरा कोणताही अकॅन्थुरस, या जोड्या सर्वांत आधी बिघडतात. पर्पल टँग तर झेब्रासोमातही अव्वल दांडगट. तो टाकीत असेलच तर तो शेवटचा मासा असावा, पहिला नव्हे.

संध्याकाळचे भांडण

दिवसभर शांतता आणि दिवे उतरू लागले की धुमश्चक्री, असा प्रकार असेल तर वाद बिळाचा आहे. टँग रात्री खडकाच्या कपारीत झोपतात आणि प्रत्येकाची कपार ठरलेली असते. हवाईच्या किनाऱ्यावर प्रौढ येलो टँग दिवसभर उथळ पाण्यात चरून संध्याकाळी आसऱ्याच्या जागी परततात, तीच सवय टाकीतही टिकते. खडकांची मांडणी करताना आपण समोरून दिसणाऱ्या रूपाचा विचार करतो. माशाला हवी असते ती अंग सामावेल एवढी उभी फट, जिला दोन तोंडे असतील. एकच तोंड असलेली कपार त्याच्यासाठी सापळा ठरते, कारण दारात प्रतिस्पर्धी उभा राहिला की बाहेर पडता येत नाही, आणि सकाळी सापडणारे रक्ताळलेले पर बहुधा अशाच जागी फाटलेले असतात. टाकीत जितके टँग आहेत त्यापेक्षा किमान एक-दोन अधिक कपारी असाव्यात, आणि त्या एकमेकींपासून दूर असाव्यात. दिवे एकदम मालवण्याऐवजी अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू मंद होत गेले तर प्रत्येकाला आपापली जागा गाठायला अवधी मिळतो. ज्यांच्या दिव्यांना ही सोय नाही त्यांनी टाकीचा दिवा आधी आणि खोलीचा नंतर मालवावा.

नवा मासा पुन्हा पुन्हा मार खात असेल तर

इथे बहुसंख्य लोक जे करतात त्याच्या नेमके उलट करावे लागते. मार खाणाऱ्याला काढून बरे करून परत सोडले की जुन्या माशाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. उलट आपण हाकलले आणि तो गेला, एवढीच त्याची समजूत पक्की होते. म्हणून नवा मासा गंभीर जखमी नसेल तर बाहेर काढायचा तो जुना.

त्याआधी एक सौम्य मार्ग करून पाहावा. सर्व बाजूंनी छिद्रे असलेली पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी टाकीत टांगून नवा मासा तिच्यात ठेवावा; पेटी मिळाली नाही तर फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली बसवतात ती चौकोनी घरांची प्लास्टिकची जाळी कापून टाकीचा एक कोपरा वेगळा करता येतो. पेटी आडोशाला ठेवण्याचा मोह टाळावा. ती जुन्या माशाच्या रोजच्या चरण्याच्या जागेजवळच असावी, आणि तिच्या भिंतीच्या आतून व बाहेरून एकेक नोरीची पट्टी लावावी, म्हणजे दोघांना एकमेकांकडे पाहत खावे लागते. पहिले दोन दिवस जुना मासा पेटीवर धडका मारतो, बाहेरून शेपटीचे फटके हाणतो. मग त्याचा उत्साह ओसरू लागतो. दिवस मोजून पेटी उघडू नये. जुना मासा पेटीजवळून पर न उभारता जाऊ लागला आणि नवा मासा त्याच्या देखत खाऊ लागला, या दोन्ही खुणा दिसल्यावरच ती उघडावी. याला सहसा आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि मोठ्या पेटीत ठेवलेला मासा तेवढे दिवस सहज काढतो.

पेटीचा उपाय फसला तर अदलाबदल करावी. जुन्या माशाला पेटीत किंवा, अधिक चांगले, वेगळ्या टाकीत हलवावे आणि नव्याला मोकळे सोडावे. त्याच वेळी वरचे खडक हलवून मांडणी बदलावी, जेणेकरून जुन्या माशाच्या ओळखीच्या वाटा आणि कपारी उरणार नाहीत. पायाचे मोठे दगड आणि जुनी वाळू मात्र ढवळू नये. वाळूत साठलेला गाळ एकदम वर आला तर पाण्याची अवस्था बिघडते आणि भांडणापेक्षा मोठे संकट उभे राहते. खडक सिमेंटने किंवा गोंदाने जोडलेले असतील तर एक-दोन सुटे दगड नव्याने ठेवले, वेव्हमेकरची जागा बदलली तरी काम भागते. एक-दोन आठवड्यांत नवा मासा आपली कपार ठरवतो, सगळीकडे फिरू लागतो, खाण्यासाठी पुढे येतो. त्यानंतर जुन्याला दिवे मंद असताना परत सोडावे. आता पाहुणा तो असतो. पाठलाग होतोच, पण या वेळी तो दोन्ही दिशांनी होतो, आणि दोघांपैकी कोणालाही संपूर्ण टाकीवर हक्क सांगता येत नाही.

सोडण्याच्या दिवशी टाकीच्या एका टोकाच्या काचेला बाहेरून आरसा लावावा. आक्रमक मासा आपल्याच प्रतिबिंबाशी झुंजत बसतो आणि दुसऱ्याला टाकी पाहून घ्यायला उसंत मिळते. हा उपाय काही तासांपुरता आहे. आरसा दिवसेंदिवस तसाच ठेवला तर काही मासे खाणे सोडून त्याच्यापुढे थकेपर्यंत झुंजत राहतात. आरसा नसतानाही खोली अंधारी आणि टाकीत उजेड असला की काचेच्या आतील बाजूस प्रतिबिंब पडते. एकटाच टँग काचेलगत वर-खाली करत तिला फटके मारत असेल तर खोलीतला दिवा लावून पाहावा.

मासा पकडताना जाळीचा वापर टाळावा. शेपटीचा काटा जाळीत अडकतो, मासा धडपडतो आणि काटाच नव्हे तर आजूबाजूची कातडीही सोलवटते. पारदर्शक डबा पाण्यात धरून त्यात नोरी लावावी आणि मासा सवयीने आत येऊ लागेपर्यंत वाट पाहावी. दोन-तीन दिवस जातील, पण खडक उपसावे लागणार नाहीत. हातात जाड मोजे असावेत. हा काटा माणसाची त्वचाही खोल कापतो.

कित्येक महिन्यांची शांतता एकाएकी मोडली तर

या प्रकारात मालक माशांमध्ये कारण शोधतो आणि कारण मात्र टाकीत किंवा घरात घडलेल्या एखाद्या बदलात असते. गणपतीला किंवा दिवाळीला आठवडाभर गावी जाताना स्वयंचलित फीडर लावला जातो. तो एकाच जागी पेलेट्स टाकतो आणि नोरी तर कोणीच लावत नाही. परत येऊन पाहावे तर इतके दिवस भावासारखे राहिलेले दोन टँग एकमेकांच्या अंगावर धावत असतात. शेजाऱ्याला फीडर तपासायला सांगण्याऐवजी रोज दोन नोरीच्या पट्ट्या लावायला सांगणे अधिक हिताचे आहे. टाकीची जोरदार साफसफाई, फॉस्फेट काढणारे माध्यम नव्याने लावणे, शेवाळे खाणाऱ्या गोगलगायी वाढवणे यांचाही परिणाम तोच होतो: चराऊ कुरण नाहीसे होते आणि उरलेल्यावर हक्क सांगितला जातो.

दुसरे कारण वाढ. दुकानात तीन-चार सेंटिमीटरचे ब्लू टँग घोळक्याने ठेवलेले असतात आणि गुण्यागोविंदाने राहतात, कारण समुद्रातही त्यांची पिल्ले एकाच प्रवाळाच्या फांद्यांभोवती जमून राहतात. हाच मासा पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि जसजसा वाढतो तसतशी त्याची आपल्या जातभाईंविषयीची सहनशीलता कमी होते. हिंदी महासागरातला डेजार्डिनी सेलफिन टँग तर ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लहानपणीच्या सलोख्यावर विसंबून चार फुटी टाकीत अशी जोडी ठेवली, तर भांडण आज नाही तर वर्षाने होणार, आणि त्या वेळी खडकांची मांडणी किंवा नोरी काहीही उपयोगी पडणार नाही.

तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. टाकीतला सर्वांत दांडगा मासा मेला किंवा कोणाला दिला की बाकीच्यांमधली उतरंड मोकळी होते आणि दुसऱ्या क्रमांकावरचा टँग, जो आजवर गरीब वाटत होता, पहिल्या क्रमांकासाठी झगडू लागतो. हे भांडण खरे असले तरी बहुधा चार-सहा दिवसांत निकाली निघते. अन्न वाढवून वाट पाहावी. उपचारासाठी महिनाभर बाहेर ठेवलेला मासा परत आला तरी असेच होते. इतके दिवस सोबत राहिल्यामुळे ते एकमेकांना ओळखतील अशी आपली अपेक्षा असते, परंतु परतलेला मासा जवळजवळ परकाच असतो, आणि त्याला पेटीच्या मार्गानेच आत आणावे लागते.

भांडणामागून येणारा व्हाइट स्पॉट

सतत पाठलाग सोसणारा टँग खाणे कमी करतो, त्याची प्रतिकारशक्ती घटते, आणि क्रिप्टोकॅरियॉन इरिटान्स हा परजीवी, म्हणजेच समुद्री व्हाइट स्पॉट, त्याच्यावर सर्वांत आधी दिसतो. पावडर ब्लू या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. लक्षद्वीप आणि मालदीवच्या खडकांवर दिमाखात फिरणारा हा देखणा मासा टाकीत एकाच वेळी सर्वांत भांडखोर आणि सर्वांत नाजूक ठरतो, आणि पहिला टँग म्हणून त्याची शिफारस करणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. परजीवी माशाच्या अंगावर काही दिवसच राहतो. मग तो गळून पडतो, खडकावर किंवा वाळूवर कोष करतो आणि त्यातून पुढची पिढी मासा शोधत बाहेर पडते. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवून तिथे तांब्याच्या औषधाचा उपचार करावा, ज्याची मात्रा चाचणी किटने रोज तपासावी लागते, आणि मुख्य टाकी पूर्ण माशांविना रिकामी ठेवावी. किमान सहा आठवडे तरी हवेतच. सावध मंडळी ७६ दिवस ठेवतात. तांबे मुख्य टाकीत कधीही घालू नये, कारण कोळंबी, गोगलगायी आणि इतर अपृष्ठवंशीय जीव त्याने मरतात, शिवाय खडक ते शोषून घेतात.

या सक्तीच्या रजेचा एक फायदा करून घेता येतो. इतक्या आठवड्यांनी टाकीवर कोणाचाच ताबा उरलेला नसतो. त्यामुळे परत सोडताना सर्वांत शांत टँग आधी, त्याच्या मागून आठवड्याभराने त्याच्यापेक्षा आक्रमक, आणि सर्वांत दांडगा शेवटी, असा क्रम लावला तर जी जोडी पूर्वी कधी जमली नव्हती तीही जमण्याची शक्यता असते.

एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे तापमान वाढले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि पाठलागाने धापा टाकणाऱ्या टँगला तो नेमका तेव्हाच जास्त लागतो. पाणी थंड करणारा चिलर नसेल तर या दोन महिन्यांत नवा टँग आणूच नये. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

किती टँग, आणि केव्हा थांबावे

दोन टँग ठेवणे हा आकडाच गैरसोयीचा आहे, कारण दोघांत एक जिंकतो आणि त्याचा सगळा राग एकट्यावर निघतो. तीन किंवा अधिक असले तर तो वाटला जातो, असे म्हणतात आणि मोठ्या टाकीत ते दिसतेही. मात्र हा युक्तिवाद चार फुटी टाकीला लावू नये. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावते आणि माझ्या मते तिच्यात एक झेब्रासोमा व एक टेनोकीटस एवढेच टँग शोभतात. सहा फुटी, म्हणजे साधारण ६८० लिटरच्या टाकीत तीन वेगवेगळ्या प्रजातींचे मध्यम टँग राहू शकतात. इथे पाण्याच्या लिटरपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हरलेल्या माशाला पळायला सरळ अंतर लागते आणि ते उंच टाकीत मिळत नाही.

एकाच जातीचे अनेक येलो टँग ठेवायचेच असतील तर ते सारख्या आकाराचे, लहान आणि एकाच दिवशी सोडलेले असावेत. २०१५ साली हवाईमध्ये येलो टँगची बंदिस्त पैदास प्रथमच यशस्वी झाली आणि तेव्हापासून पैदाशीचे छोटे मासे बाजारात येऊ लागले. एकत्र वाढलेली अशी पिल्ले समुद्रातून पकडलेल्या प्रौढांपेक्षा या कामाला सोयीची पडतात.

वरील सर्व करूनही नवा मासा तीन दिवस काहीच खात नसेल, किंवा डोळ्याला इजा झाली असेल, किंवा अदलाबदलीनंतरही शेपटीचे फटके थांबत नसतील, तर त्या दोघांना एकत्र ठेवण्याचा आग्रह सोडावा. सोहल आणि क्लाउन टँगच्या बाबतीत तर हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा, प्रयोगाची वाट पाहू नये. कोणाला द्यायचे हे ठरवताना आपला जुना लाडका ठेवण्याकडे साहजिकच कल असतो, पण तो जर पुढे येणाऱ्या प्रत्येक टँगशी असाच वागणार असेल तर मोठ्या टाकीत जाणे त्याच्याच वाट्याला यावे. नेताना तो साध्या पिशवीत भरू नये. शेपटीच्या एका फटक्यात काटा प्लास्टिक फाडतो आणि पाणी गाडीत सांडते. झाकणाचा कडक डबा घ्यावा, आणि पिशवीच वापरायची असेल तर एकात एक दोन पिशव्या घालून मधल्या जागेत वर्तमानपत्राची जाड घडी सरकवावी.